चौतीस पावलांची फेरी

२०२४च्या फेब्रुवारीत एका सोमवारी रक्त दिलं आणि बुधवारी संध्याकाळी रिपोर्ट हातात पडला. रक्तातल्या साखरेचं माप, एचबीएवनसी, ६.३. फोंड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद टेबलावर माझ्याकडे फिरवून ठेवला आणि म्हणाले, "साडेसहापासून पुढे मधुमेह. तू उंबरठ्यावर उभा आहेस. आत ये म्हणून कोणी बोलावलेलं नाही, तेव्हा मागे फिर." ते माझ्या वडिलांचेही डॉक्टर, त्यामुळे अजून अरे-तुरे. वडिलांचं काय झालं ते मी घरात राहून पाहिलेलं आहे. अंगठ्याला चपलेने झालेली एक जखम, मग दोन बोटं, मग घोटा. त्यावर जास्त लिहीत नाही.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक आकडा सांगितला. २०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभरातला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत जास्त निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. दुसऱ्या दिवशी सकाळी फोंड्याच्या बसस्टँडवर पणजीच्या बसच्या रांगेत उभा राहून मी माणसं मोजली. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. माझा नंबर चौथाच आला.

माझं काम पणजीत, हिशेबाच्या टेबलावर. साडेसातला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत यायचं. मधल्या वेळात पाय लागतात ते बसमध्ये चढायला आणि जेवायला उठायला. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों-पों करत आला की दोन गरम उंडे (गोल पाव), पातळभाजीत बुडवून. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. दुपारी डब्यात शीतकडी, म्हणजे भात आणि कालवण. हे सगळं लिहिताना आता लाज वाटते, पण खरं सांगायचं तर त्या वेळी मी स्वतःला मिताहारी समजत होतो, कारण दारू नाही आणि सिगारेट नाही.

पाडव्याला (आई त्याला अजून संवसार पाडवोच म्हणते) मी डायरीच्या मागच्या पानावर यादी केली. पाचला उठणे. प्राणायाम. नागेशीच्या देवळाला जाऊन तिथल्या तळीला (तळ्याला) पाऊण तास फेऱ्या. उंडे बंद. चहा बिनसाखरेचा. रोज दहा पानं वाचन. रात्री दहाला फोन बंद. सात कलमं, खाली तारीख आणि सही. हिशेबनिसाची खोड. नवे बूट आणले. मुलाने पावलं मोजणारं घड्याळ मनगटाला बांधून दिलं, ते आठ हजार झाली की थरथरायचं.

पहिले चार-पाच दिवस काय वर्णावे! पहाटे नागेशीची तळी म्हणजे आरसा असते. पाण्यात देवळाची आणि माडांची सावली, पायऱ्यांशी मासे गोळा होतात, गारवा असतो. घरी येऊन बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि बायकोला ऐकवायचं की माणसाने मनावर घेतलं तर काहीही होतं. ती पोळ्या लाटत "हं" म्हणायची. वीस वर्षांच्या संसारात त्या "हं"चे किती अर्थ असतात ते संसारी माणसाला सांगायला नको.

मग नाटक आलं.

आमच्या गावात हनुमान जयंतीला नाटक असतं, मराठी, आणि गाणी असलेलं. मी प्रॉम्प्टर. विंगेत बसून वही धरणारा. गेली बावीस वर्षं. पाडव्यानंतर तालमी रोजच्या रोज सुरू होतात, त्या रात्री जेवणं आटोपल्यावर साडेनवाला देवळाच्या अग्रशाळेच्या ओसरीवर. पेटीवाला मास्तर सूर धरतो आणि दीड-दोनपर्यंत कोणी घरी जात नाही. दोनला पाठ टेकली की पाचला नागेशी कुठली? सहाव्या दिवशी सहाला उठलो. आठव्या दिवशी साडेसहाला. अकराव्या दिवशी पोदेराच्या पों-पोंनेच जाग आली, आणि तो समोर उभा आहे, टोपलीवरचं निळं प्लॅस्टिक बाजूला करून विचारतोय, "पात्रांव, कितले?" मी म्हटलं, "दोन."

त्या दोन उंड्यांबरोबर सातही कलमं गेली. हे मला नंतर बरेच दिवस खटकत राहिलं. झोप झाली नाही म्हणून फेरी चुकली, इथवर ठीक. पण उंडा का खाल्ला? चहात साखर का? झोप कमी झाली तर वाचन बुडेल, साखरेचा काय संबंध? संबंध एकच: मी सातही गोष्टी एका दोरीत ओवल्या होत्या. एक सुटली की मनाने म्हटलं, आज तर बुडालंच आहे, मग खा. उद्यापासून परत. उद्या तालीम होतीच. नाटक झालं, टाळ्या पडल्या, आणि एप्रिल संपता संपता डायरी कपाटात गेली. तत्त्वं खुंटीला टांगतात म्हणतात तसे संकल्प टांगले. घड्याळ मात्र इमानदारीने रोज सांगायचं की मी काल कमी चाललो. मेमध्ये ते ड्रॉवरमध्ये टाकलं. अपमान करून घ्यायला घरात माणसं आहेत.

मे महिना मानकुराद आंब्यांचा. त्यावर मी काही कबुली देणार नाही.

त्याच महिन्यात भाची राहायला आली. ती मानसशास्त्र शिकते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना तिची भीती वाटते. मी माझी रडकथा सांगितली आणि वर म्हटलं की एकवीस दिवस काढले असते तर सवय लागली असती, मी अकरावरच घसरलो. ती फणसाचा गरा तोंडात टाकत म्हणाली, "मामा, ते एकवीस दिवस कुठून आले माहीत आहे? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक प्लास्टिक सर्जन होता. ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिलं. त्यातला 'निदान' लोकांनी गाळला. चेहरासुद्धा गाळला."

मग तिने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. ९६ माणसं, प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडायची, जेवणाबरोबर फळ खाणं किंवा नाश्त्यानंतर चालणं असलं काहीतरी, आणि बारा आठवडे रोज करून ती किती आपोआप होते ते नोंदवायचं. सरासरी ६६ दिवस निघाले. पण कोणाला १८, आणि कोणाचा हिशेब मांडला तर २५४ दिवसांवर जात होता. "आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही, हेही त्यात निघालं," ती म्हणाली. "तू अकराव्या दिवशी सगळं सोडलंस ते उगाच."

मला त्या सरासरीपेक्षा २५४ने धीर दिला. आपण त्यातलेच असणार, असं मी लगेच ठरवून टाकलं.

मग तिने विचारलं, "मामा, असं काय आहे जे तू करतोस आणि त्यासाठी मनाची तयारी करावी लागत नाही?" मी म्हटलं, तसं काही नाही, मी मुळात आळशी माणूस. आई आत तांदूळ निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "तालीम."

आई घरात कोकणीच बोलते, वाचते मात्र मराठी, पोथीपासून पेपरपर्यंत. आणि बोलते कमी. तो एक शब्द बोलून ती परत सुपाकडे वळली. पण तिचं खरं होतं. बावीस वर्षांत मी तालीम चुकवलेली नाही. एका वर्षी एकशेदोन ताप असताना शाल गुंडाळून वही धरली होती. त्यासाठी कधी पाचला उठून निश्चय करावा लागला नाही की सही ठोकावी लागली नाही. जेवण झालं, हात धुतले, पायात चपला सरकवल्या, वही काखेत मारली. अग्रशाळेकडून पेटीचा सूर ऐकू येतो आणि पाय आपोआप निघतात. उशीर झाला तर दहा माणसं ओरडतात. या सगळ्यात निश्चय कुठे आहे? भाची म्हणाली की हेच तर आहे. तिच्या अभ्यासक्रमात पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं काम होतं: 'मी व्यायाम करीन' असं नुसतं ठरवणाऱ्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवणाऱ्याच्या हातून ते काम जास्त वेळा होतं. तमुक लक्षात ठेवावं लागत नाही, अमुकच आठवण करून देतं. माझ्या यादीतल्या सात कलमांना असं अमुक नव्हतंच. 'पाचला' म्हणजे अंधार, आणि अंधार कोणाला हाक मारत नाही. म्हणजे संकल्प खुंटीला टांगले म्हणतो ते तरी कुठे खरं? भिंतीला खुंटीच नव्हती.

तेव्हा सातातलं एकच घ्यायचं ठरलं. चालणं. आणि तेही तालमीच्याच वेळेला: रात्रीचं ताट उचललं की. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते उलट खूश झाले. जेवणानंतर रक्तात साखर चढत असते तेव्हाच स्नायूंना काम दिलं तर ते ती साखर ओढून घेतात, दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललास तरी चालेल, म्हणाले. पाऊण तासाचा हट्ट मी स्वतःच धरला होता, त्यांनी कधी सांगितलाच नव्हता.

सुरुवात केली १० जूनला. यापेक्षा वाईट मुहूर्त गोव्यात शोधून सापडणार नाही. इथे पावसाळ्यात जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा मी घराबाहेर पाऊल टाकीन त्याच वेळेला पडतो असा माझा अनुभव आहे. रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री आहेत, आणि पहिल्या पावसात साप बिळातून बाहेर येतात. तेव्हा रस्ता रद्द. राहिलं घरातलं राजांगण.

आमचं घर जुनं. मधे उघडं चौकोनी राजांगण, त्यात तुळस, आणि चारी बाजूंनी कौलाखालून फिरणारी ओसरी. लाकडी खांब, लाल कोबा. पावसात चारी बाजूंनी पागोळ्या गळतात, आणि मधल्या चौकोनात पाणी इतक्या जोरात पडतं की पलीकडच्या ओसरीवरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. पहिल्या रात्री मी ताट मोरीत ठेवलं, तोंड पुसलं आणि चालायला लागलो. एक फेरी मोजली: चौतीस पावलं. शंभर पावलांना साधारण मिनिट लागतं, म्हणजे दहा मिनिटांच्या फेऱ्या झाल्या तीसच्या आसपास. हिशेब जमला. सहाव्या फेरीला आईने खांबाला टेकून हात वर केला, पोलीस गाडी थांबवतो तसा.

"उलटो वता तूं," ती म्हणाली.

मी घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होतो, तुळस माझ्या डाव्या हाताला येत होती. प्रदक्षिणा अशी घालतात का? मी सांगितलं, आई, ही प्रदक्षिणा नाही, व्यायाम आहे. ती म्हणाली, तुळशीला ते कसं कळणार? या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी वळलो. तेव्हापासून तुळस उजव्या हाताला. आठवडाभराने दिशा बदलून पाहिली होती, गुडघ्याला बरं म्हणून. पकडला गेलो.

पण त्यामुळे एक झालं. माझ्या फेऱ्यांवर आईने ताबा घेतला. रात्री जेवण झालं की ती माचीवर येऊन बसायची, मांडीवर वाती वळायला कापूस घेऊन. दहा फेऱ्या झाल्या की एक वात बाजूला. तीन वाती झाल्या की मी सुटलो. कधी मीच मोजणं विसरायचो आणि विचारायचो, "कितल्यो जाल्यो?" ती वाती दाखवायची. ताट उचलूनही मी पेपर चाळत बसलो तर पलीकडून काही बोलणं यायचं नाही, फक्त माची सरकवल्याचा आवाज यायचा. पेटीच्या सुराचं काम त्या आवाजाने केलं.

नोंद ठेवायला मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय वापरलं. रोज झोपायला जाताना तारखेच्या चौकोनात एक फुली. आता हे कॅलेंडर म्हणजे आमच्या घरचं मंत्रालय आहे. सिलिंडर कधी लावला, पंख्याची गॅरंटी कधी संपते, चुलतभावाच्या मुलाचं बारसं, सगळं तिथे. जूनअखेर बायको दुधाचं बिल घेऊन बसली. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी ती फुली मारते. मोजल्या तर बावीस फुल्या. तिच्या दोन, माझ्या वीस. तिने दूध टाकणाऱ्या पोराला दारात धरून सुनावलं की महिन्यात आठच दिवस दूध घेतलं आणि पैसे कसले मागतोस. पोरगा रडकुंडीला आला. मी आतून धावत जाऊन कबुली दिली.

"अहो, मग सांगायचं नाही का? चालण्याची फुली कोण मारतं? फुली नसल्याची असते!"

बरोबर होतं तिचं. जुलैपासून मी टिंब द्यायला लागलो. पण त्या भांडणाने मला एक हिशेब दिला, जो मी मुद्दाम कधी केला नसता: एकवीस दिवसांत वीस. एक कुठला चुकला तेही आठवलं, सव्वीस जूनला ऑफिसातल्या एकाच्या निवृत्तीचं जेवण होतं, रात्री उशिरा आलो. दुसऱ्या दिवशी मी बसलो होतो का डोक्याला हात लावून? नाही. जेवलो, ताट उचललं, चाललो. एप्रिलमधला मी असतो तर सत्तावीसलाही गेलो नसतो.

कंटाळा आला का? प्रचंड. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर अगदी घाण्याचा बैल झाल्यासारखं वाटायचं. तोच खांब, तीच कोबा उखडलेली जागा, तोच मोरीचा वास. वीज जायची तेव्हा खांबाला हात लावत लावत चालायचो. एकदा पागोळ्यांच्या पाण्यावरून घसरलोही, ढोपर सोललं. सांगणारे सांगतात की करता करता आनंद वाटायला लागतो. मला काही वाटला नाही. मला वाटत गेलं ते उलटं: न केल्याने चुकल्यासारखं. दात न घासता झोपल्यासारखं.

ते मला नीट कळलं जुलैच्या शेवटच्या रविवारी, आणि तेही दुसऱ्याच्या घरात. सावंतवाडीला मेव्हणीकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, गप्पा चालू होत्या, आणि मेव्हणीचा नवरा मधेच म्हणाला, "काय हो, काही हरवलं का?" मी त्यांच्या पुढच्या पडवीत येरझाऱ्या घालत होतो. कधी उठलो, कधी सुरू केलं, मला पत्ता नव्हता. इथून तिथे बारा पावलं, वळा, परत बारा. तुळस कुठे आहे ते बघायला मी मान वळवली, तेव्हा बायकोला हसू आवरेना. घरी येऊन कॅलेंडरवर मोजलं, एकोणपन्नासावा दिवस होता. भाचीला मेसेज केला. तिने नुसता अंगठा पाठवला. ही पिढी दाद देण्यात कंजूष.

इतर कलमांचं काय झालं तेही सांगतो, नाहीतर वाटेल की मी सुधारलो.

फोनचं सोपं निघालं. फोन उशाशी असायचा त्याचं कारण मी गजर सांगायचो. फोंड्याच्या बाजारातून साधं चावीचं घड्याळ आणलं, चार्जर बाहेरच्या खोलीत ठोकला. रात्री बिछान्यातून उठून, दार उघडून, अंधारात तिथवर जाऊन फोन बघण्याइतकं जगात काही घडत नाही असं दिसून आलं. ही एकच गोष्ट अशी, जी जवळजवळ विनासायास जमली, आणि तिला मी एप्रिलमध्ये सातव्या नंबरावर टाकलं होतं.

चहाचं अवघड. ऑफिसात चहा किटलीतून येतो, साखर घालूनच. शिपायाला तीनदा सांगितलं, तीनदा तो विसरला, चौथ्यांदा मीच विसरलो. मग घरून छोटा थर्मास न्यायला लागलो. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी माझा आजारी माणूस करून टाकला. आता कोणी बघत नाही. बाहेरच्या कोणाकडे गेलो की मात्र समोर आलेला चहा पितो, साखरेसकट, आणि त्याबद्दल जीव जाळत नाही.

उंडे पूर्ण बंद झाले नाहीत. दोन उंड्यांची एक पोळी झाली, घरची चपाती नव्हे, पोदेर आणतो तो कोंडा लावलेला पाव. पोदेराबद्दल इथे एक सांगावंसं वाटतं. बाहेरचे लोक गोवेकराला सुशेगाद, म्हणजे निवांत, म्हणतात आणि आम्हीही ते बिरूद मिरवतो. पण भट्टी पेटवायला मध्यरात्री उठणारा, धो धो पावसात सायकलला टोपली बांधून सकाळी दारात हजर होणारा माणूस मी लहानपणापासून बघतो आहे. त्याला कोणी विचारत नाही की तुम्ही सातत्य कसं राखता. गावात पाव कोण देणार, हा त्याचा प्रश्न असतो.

वाचनाची दहा पानं आजतागायत जमलेली नाहीत. बसमध्ये वाचायला घेतो, वाटेतल्या बाणस्तारीपर्यंत डोळे मिटतात.

प्राणायामाबद्दल न बोललेलं बरं.

सप्टेंबरात चवथ आली. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. आधीचे दोन दिवस माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट) बांधण्यात गेले: सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, कांगलां, नारळाची पेंड, चुलतभाऊ शिडीवर आणि मी खाली दोरी धरून. मग पाच दिवस घरात पस्तीस माणसं. नेवऱ्या (करंज्या), खतखतं, पातोळ्या. घुमट आरत्या रात्री बारापर्यंत. राजांगणाच्या चारी बाजूंना माणसं झोपलेली, चालायचं कुठून? विसर्जनानंतर दोन दिवस अंग मोडून आलं. कॅलेंडरवर नऊ कोरे चौकोन. आणि त्याआधी जवळजवळ तीन महिने टिंबांची रांग, मधे एखादंच भोक.

दहाव्या रात्री मी जेवलो, ताट उचललं आणि झोपाळ्यावर जाऊन बसलो. तो क्षण मला चांगला आठवतो, कारण पाडव्याच्या अकराव्या दिवशीचा आवाज जसाच्या तसा परत ऐकू आला. नऊ दिवस गेलेच आहेत, आता दसऱ्यापासून नीट सुरू करू. दसरा कसा छान मुहूर्त! आई दमून आठलाच झोपली होती, त्यामुळे माचीचा आवाज येणार नव्हता. मुलगा अभ्यास करत होता. कोणी बघत नव्हतं. पाऊस थांबलेला, राजांगणात निर्माल्याचा आणि ओल्या मातीचा वास. माटोळीच्या रिकाम्या चौकटीला एक सुपारीचा घोस चुकून राहिला होता, तो वाऱ्याने हलत होता.

भाचीला फोन लावला, जाब विचारल्यासारखा. एक दिवस चुकला तर चालतं म्हणालीस, नवाचं काय? तिने माझा प्रश्न ऐकूनच घेतला नाही. "मामा, फोन ठेव आणि तीन फेऱ्या मार. तीसही नको. तीन."

तीन म्हणजे शंभर पावलं, एक मिनिट. तेवढ्यासाठी दसरा कशाला लागतो? मी उठलो, तीन मारल्या, आणि टिंब दिलं. टिंब देताना मनात आलं, हे खोटं आहे का? हिशेबनीस ना मी. मग ठरवून टाकलं की तीन फेऱ्यांनाही टिंब मिळतं, पूर्ण. दुसऱ्या दिवशी पाच झाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई उठून बसलेली होती आणि वातींचा हिशेब परत सुरू झाला. दसरा आला तोपर्यंत तिसावर होतो. त्यानंतर ताप आला तेव्हा तीन, मुलाच्या परीक्षेच्या धावपळीत तीन, दिवाळीच्या आदल्या रात्री पोरं नरकासुराचा पुतळा घेऊन रस्त्यावर नाचत होती तेव्हा सुद्धा तीन, आणि मग त्यांच्यात जाऊन मिसळलो.

डिसेंबरात परत रक्त तपासलं. ५.८. वजन तीन किलोने कमी. एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणजे चवथीच्या नेवऱ्या बहुतेक निसटल्या. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कशाने झालं हे? चालण्याने, उंड्याने, की चहाने?" मी म्हटलं, वेगळं काढून सांगता येणार नाही. ते म्हणाले, मलाही नाही, तेव्हा तिन्ही चालू ठेव, आणि ५.८ म्हणजे अजून उंबरठ्यावरच आहेस, अंगणात उतरला नाहीस. तीन महिन्यांनी ये.

घरी येऊन आईला सांगितलं की रिपोर्ट चांगला आला. तिने तुळशीकडे बघून हात जोडले. श्रेय कोणाला जायचं ते तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं, आणि मी वाद घातला नाही. रोज तीस याप्रमाणे जूनपासून किती प्रदक्षिणा झाल्या ते मात्र रात्री कागदावर मांडलं. साडेचार हजारांच्या वर भरल्या.

जानेवारीच्या आधी बायकोने बाजारातून दोन कालनिर्णय आणली. एक नेहमीच्या खिळ्यावर, दुधाचं. दुसरं राजांगणातल्या खांबावर, आईच्या माचीशेजारी, माझं. आता फुल्या आणि टिंबं यांचा गोंधळ व्हायला नको होता. महिनाअखेर बिल आलं तेव्हा हिशेब तरीही चुकला. संक्रांतीच्या दिवशीची तिची फुली माझ्या कॅलेंडरवर पडली होती.